पूजेला ठेवलेली पक्कड

मित्रांनो, मला उचलायचे असेल तर आधी सांगून उचला. मी एक जुनी पक्कड आहे आणि मला हातांची फार भीती वाटते. तुम्ही हसाल. पक्कड हातात धरण्यासाठीच तर असते, असे म्हणाल. तेच तर माझे दुखणे आहे.

मी खिळे उपटणारी पक्कड नव्हते. मी सील लावणारी पक्कड होते. विजेच्या मीटरच्या पेटीला एक बारीक तार ओवतात, तारेच्या टोकांना शिशाची गोळी बसवतात आणि ती गोळी माझ्या जबड्यात धरून दाबतात. गोळी चपटी होते आणि तिच्यावर माझी खूण उमटते. त्यानंतर तार तोडल्याशिवाय पेटी उघडता येत नाही. तार आणि गोळी बाजारात कुठेही मिळते. खूण मात्र विकत मिळत नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. लालभडक झालेल्या मला पाण्यात बुडवले, तेव्हाचा चर्र आवाज मला अजून आठवतो. मग एका कारागिराने माझ्या जबड्यात बाजरीचे कणीस आणि त्याखाली एक आडवी रेघ कोरली. काम झाल्यावर त्याने नमुन्याचा ठसा ऐरणीवर ठेवला आणि घण घालून त्याचे तुकडे केले. "आता हिला जोड नाही," तो म्हणाला. दुसरी एखादी पक्कड हे ऐकून फुशारली असती. मला मात्र भीतीच वाटली. जोड नसलेली वस्तू चुकीच्या हाती गेली, तर तिने केलेले खोटेही खरेच दिसणार होते.

माझे पहिले धनी भिमाजी आव्हाड. ते मीटर तपासत. ते वीज विकणाऱ्याचे नोकर नव्हते आणि विकत घेणाऱ्याचेही नव्हते. दोघांच्या मधले, त्रयस्थ. विकणाऱ्याच्याच हाती मोजमाप दिले, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखे होते, म्हणून असा मधला माणूस लागतो. सुरुवातीला आम्ही कारखान्यांतून फिरलो. पुढे दोन हजार साल उलटले आणि सिन्नरच्या पलीकडच्या एका पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एक खासगी कंपनी वाऱ्यापासून वीज करणार आणि वीज मंडळ ती विकत घेणार, असा वर्षानुवर्षांचा करार झाला. किती वीज आली हे पठारावरचा एकच मीटर सांगणार होता, आणि त्या मीटरवरचे सील लावायला वीज नियामक आयोगाने भिमाजींना नेमले.

मला ते पठार पहिल्या दिवसापासून आवडले नाही. पवनचक्कीचे पाते डोक्यावरून गेले की त्याची सावली सगळ्यांच्या अंगावरून झाडू मारल्यासारखी जाई, आणि दर वेळी माझा जीव खालीवर होई. त्या मीटरचीही मला भीती वाटे. त्याने जास्त सांगितले, तर न आलेल्या विजेचा भार लासलगावच्या कांद्याच्या व्यापाऱ्यापासून हरसूलच्या पाड्यावरच्या एका दिव्याच्या घरापर्यंत सगळ्यांच्या बिलात थोडा थोडा जाणार होता. कोणाला कळणारही नव्हते. त्या सगळ्यांच्या आणि मीटरच्या मध्ये माझे एक कणीस उभे होते.

पण भिमाजी होते तोवर मला धीर होता. त्यांनी मला जाड गोफात ओवून गळ्यात घातले होते, सदऱ्याच्या आत. जेवताना, हात धुताना, एसटीत डुलकी लागली तरी मी तिथेच असे. एका कारखानदाराने एकदा मला बघायला मागितले, तेव्हा भिमाजींनी गोफ काढला नाही. मला गोफासकट पुढे केले, आणि त्या गृहस्थाला त्यांच्या छातीशी वाकून मला पाहावे लागले. खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारे पाटावर मांडून पूजतात. भिमाजी मात्र आरशापुढे उभे राहून गळ्यातल्या गळ्यात मला कुंकू लावत. लोक त्यांची टिंगल करत, भिमाजी एक वेळ बायकोला विसरेल पण पक्कड विसरायचा नाही, म्हणत. ते नुसते हसत.

मग त्यांच्या हातांना कंप सुटला. गोळी नीट धरता येईना. तेव्हा त्यांच्या जागी सविता आली.

सविता मखमलाबादकडच्या माळ्याची मुलगी. वडिलांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता, आणि घरात इंजिनिअर झालेली ती पहिलीच. तिचा हात स्वच्छ होता आणि काम चोख होते. सील लावताना ती श्वास रोखून धरत असे, हे मला फार आवडे. तिने मला गळ्यात घातले नाही. मला कापडी पिशवीत ठेवून ती पिशवी खांद्याला लावी आणि खांद्यावरून कधी उतरवत नसे. मला वाटले, चला, सुखाने दिवस जातील.

त्या वर्षी वारा रुसला होता. पाती जेमतेम हलत. पठारावरचे व्यवस्थापक अमित यांना वरचेवर कंपनीच्या मोठ्या साहेबांचे फोन येत, आणि फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पात्यांकडे पाहत उभे राहत. माणूस तोंडाने गोड होता. सविता आली की तिला सावलीत खुर्ची द्यायला सांगत. त्यांनीच तिला खंडेनवमीच्या पूजेचे आमंत्रण दिले.

सविता वडिलांच्या मळ्यातला झेंडू घेऊन पठारावर गेली. पत्र्याच्या शेडमध्ये पाट मांडला होता. त्यावर नट आवळायचे पाने, हातोड्या, स्क्रूड्रायव्हर, दोरखंड, सगळे धुऊनपुसून ओळीने लावले होते. पूजेची तयारी चंद्रभागा करत होती. ती हरसूलकडची. तिकडची भाताची लावणी झाली की खाली कामाला यायची, आणि आता पठारावर झाडलोट आणि चहापाणी करायची. तिने सगळ्या हत्यारांना झेंडूच्या माळा घातल्या.

"मॅडम, तुमचं हत्यार?" अमितने विचारले.

माझा जीव कापडाच्या पिशवीत गोठला. सविता घुटमळली. पण सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि लहानपणापासून तिच्या घरी या दिवशी खुरपे आणि विळा पाटावर असत. हत्यार पूजेला लावायचे नाही म्हणजे त्याचा अपमान, हे तिच्या हाडीमाशी खिळलेले होते. तिने मला पिशवीतून काढले आणि पाटावर ठेवले. चंद्रभागाने ओल्या हळदीकुंकवाची बोटे माझ्या अंगावर उमटवली, आणि भाविकपणे माझ्या जबड्याच्या आतही एक बोट फिरवले.

आरती झाली, प्रसाद झाला. सविताने मला उचलायला हात पुढे केला.

"पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी हलवत नाहीत, मॅडम," अमित हळूच म्हणाले. "तुमच्याकडे हलवतात का?"

तिच्याकडेही हलवत नसत. सविताचा हात मागे गेला. उद्या सकाळी येऊन घेऊन जाते, असे सांगून ती जीपमध्ये बसली. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर त्या दिवशी सगळे सिन्नर गोळा झाले असते. जीपचा आवाज उतारावरून खाली खाली जात विरला आणि मी पानांच्या आणि हातोड्यांच्या मध्ये पडून राहिले.

दुपारची जेवणे आटोपली आणि एक हात माझ्यावर आला. तो सविताचा नव्हता, अमितचा होता. तो घामाने ओला होता. अमितही घाबरलेलाच होता, पण त्याच्या भीतीने मला काय होणार? त्याने मला रुमालात गुंडाळून मीटरच्या खोलीत नेले. माझी खूण असलेले जुने सील त्याने कटकन तोडले. आतल्या तारा कोणीतरी इकडच्या तिकडे केल्या. पेटी बंद झाली, नवी तार ओवली आणि नवी गोळी माझ्या जबड्यात आली. शिसे गार लागले. माझा जबडा, पण तो मिटू नये म्हणून मला काहीच करता येत नव्हते. तो मिटला. कणीस उमटले, रेघ उमटली. मला पुसून, पुन्हा माळ घालून पाटावर ठेवले.

दसऱ्याला सकाळी सविता आली. तिने सगळ्यांना आपट्याचे सोने दिले, चंद्रभागाच्या पाया पडली, आणि मला नळाखाली धुऊन पिशवीत ठेवले. चंद्रभागा काहीतरी बोलायला पुढे झाली आणि अमितला पाहून मागे सरली.

दिवाळीनंतर मीटर पाहायचा दिवस आला. मंडळाचे साहेब, अमित आणि सविता असे तिघे खोलीत जमले. आकडा भरघोस आला होता. साहेब खूश झाले आणि अमितशी बोलत दाराशी गेले. सविताला मात्र तो पटेना. महिनाभर वाऱ्याने पान हलले नव्हते. ती सीलापाशी वाकली आणि तिने श्वास रोखला.

कणसाच्या दाण्यांच्या खाचांत लाल कुंकू बसले होते.

या पेटीचे सील तिने पावसाळ्याआधी लावले होते. तेव्हा मला कुंकू कुठून लागणार? तिने खांद्यावरची पिशवी घट्ट दाबून धरली, त्यावरून तिला सगळे समजले हे मला कळले. तिने अंगठा सीलावर ठेवला. एकदा घासला असता की कुंकू गेले असते. कोणी पाहत नव्हते. खरे सांगितले, तर छाप तिच्याच पक्कडीची. तीच सामील आहे असे लोक म्हणणार होते. मळ्यापासून कॉलेजपर्यंत वडिलांनी जपलेले नाव एका दिवसात जाणार होते. आणि माझे काय होणार, हेही मला ठाऊक होते. परक्या हाताने वापरलेल्या पक्कडीची खूण घासून टाकतात. मित्रांनो, मी भित्री आहे. पुसून टाक, पोरी, पुसून टाक, असे मी मनात म्हणत होते.

तिने अंगठा उचलला.

"साहेब, इकडे या," ती म्हणाली. "हे सील मी लावलेलं नाही."

साहेबांनी चष्मा लावून पाहिले. "मॅडम, छाप तर तुमचीच आहे."

"छाप माझीच आहे. पक्कड मी इथे ठेवून गेले होते, खंडेनवमीला. चूक माझी आहे. पण हा आकडा खोटा आहे, तो मान्य करू नका."

अमित पटकन पुढे झाला. तो समजावणीच्या सुरात बोलू लागला, मॅडम थकल्या आहेत, याचा त्रास त्यांनाच होईल, म्हणाला. साहेबही संशयाने सविताकडे पाहू लागले. तेवढ्यात दारातून आवाज आला. चंद्रभागा चहाची किटली घेऊन उभी होती.

"ताई खरं सांगत्यात," ती म्हणाली. "जेवणं झाली तवा पाटावर पक्कड नव्हती. मंग परत आली. पूजेतली वस्तू उचलली, मला लय भ्या वाटलं. म्हनून बोलले नाय."

एवढे बोलताना किटलीचे झाकण खडखड वाजत होते.

पुढे नाशिकला चौकशी झाली. पेटी उघडली, तारा सापडल्या, तो आकडा रद्द झाला आणि अमितची नोकरी गेली. चंद्रभागाचेही पठारावरचे काम सुटले. सविताने तिला मळ्यात फुले तोडायला बोलावून घेतले. सविताला मात्र कितीदा तरी तेच तेच विचारले. तू पैसे घेतलेस का, कोणाच्या सांगण्यावरून ठेवलीस, पूजेचे निमित्त का काढलेस. तिच्या वडिलांना बाजारात लोक आडून विचारत. शेवटी ठरले, ती लबाड नाही, बेसावध होती. तोवर ती पार वाळून गेली होती.

मग माझा दिवस आला. सगळ्यांच्या समोर माझी खूण घासायची होती, आणि त्यासाठी भिमाजींना बोलावले होते. त्यांच्या हातात कानस होती आणि हात तर कापत होते. सविताने मला टेबलावर घट्ट धरले.

"मी हिला गळ्यातून का काढत नव्हतो, ते तुला सांगायचं राहून गेलं," भिमाजी म्हणाले.

सविता रडू लागली, पण तिने पकड सैल केली नाही. कानस फिरू लागली. दुखले, खूप दुखले. कणसाचा एकेक दाणा गेला, मग रेघ गेली, आणि टेबलावर थोडासा चकाकता भुगा राहिला.

नव्या पक्कडीवर नवी खूण कोरली, तेव्हा ती कोणाला द्यायची यावर खूप बोलणे झाले. मंडळाचे साहेबच म्हणाले, हिलाच द्या. स्वतःवर शेकेल हे माहीत असून जी बोलली, ती आता डोळ्यांत तेल घालून राखेल. सविताने नवी पक्कड घेतली तेव्हा तिचे हात भिमाजींपेक्षाही जास्त कापत होते. तिने गोफ गळ्यात घातला आणि पक्कड ओढणीच्या आत सरकवली. ते पाहून मला पहिल्यांदा बरे वाटले.

आता मी तिच्या घरी एका डब्यात असते. मी कुंडीच्या तारा वाकवते, अडकलेली झाकणे उघडते. मला कोणीही उचलते. हातांची जुनी भीती सवयीने अजून वाटते, पण खरे तर माझ्याकडून आता कोणाचे काही बिघडणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मीटरचे सील बघा, पण त्याला हात लावू नका. आणि मोठे झाल्यावर कधी तुमच्यावर दुसऱ्यांच्या वस्तूची, विजेची, पाण्याची, खऱ्याखोट्याची राखण आली, तर शूर होऊ नका. थोडे भ्या. कोणी कितीही प्रेमाने म्हटले, कितीही पवित्र पाट मांडला, तरी जपायचे ते खाली ठेवताना भ्या. माझ्या कणसाची राखण करण्याची भीती ज्या दिवशी संपली, त्या दिवशी मला कळले की माझ्याकडे राखण्यासारखे काही उरलेले नाही.