साडेसहा किलो हॅम

वहिनीला मिळण्यासारखं होतं ते एवढं: खोक्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधली मुख्य स्वयंपाकिणीची जागा, कोठीची किल्ली, खिडकीखालचं स्टूल आणि नणंदेला ‘तेवढे कांदे चिरा’ म्हणायचा हक्क. यातलं चौथं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं; नणंद त्याचीच थोरली बहीण, आणि कॅन्टीनमध्ये दोघी बरोबरीच्या.

जुना आचारी शनिवारी निवृत्त झाला. त्याच्या निरोपासाठी मॅनेजरनं डुकराची अख्खी मांडी मागवली, खारवून शिजवलेली. नेमका त्या दिवशी अर्धा कारखाना तापानं घरी. साडेसहा किलो हॅम उरलं. मॅनेजर म्हणाला, गुरुवारपर्यंत संपवा, टाकायचं नाही, कुणाची कुरकुर नको. शुक्रवारी मालक जेवायला येतील, तेव्हा दोघींपैकी जागा कुणाला ते ठरवू. रांधायचं वहिनीनं, चाखायचं नणंदेनं. आचाऱ्याचा जुना नेमच होता तसा: रांधणाऱ्यानं चाखायचं नाही, आपलं पोर प्रत्येकाला गुणीच वाटतं.

रविवारभर वहिनीनं घरात बूड टेकलं नाही. मनातल्या मनात हॅम कापत होती.

सोमवारी पातळ काप, मोहरी लावून पावात. मंगळवारी चौकोनी तुकडे, वाटाणे आणि भात. बुधवारी बारीक करून बटाट्यात, वरून पावाचा चुरा. मधल्या वेळात ती सारखी फ्रीज उघडून बघायची, जणू मांडी आतल्या आत वाढत होती. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे लांब्या म्हणत. त्यानं बुधवारी ताट पुढे केलं आणि विचारलं, “वहिनी, उद्या चहात घालताय का?” रांग हसली. मॅनेजरही हसला, म्हणून ती कुरकुर धरली गेली नाही. गुरुवारी हाडूक घेवड्याबरोबर उकळून सूप केलं. हाड इतकं लख्ख निघालं की कुत्र्यानंही तोंड फिरवलं असतं.

चार दिवसांत वहिनीनं एकाही पातेल्यात मीठ घातलं नाही. हॅमच तेवढं खारट. टेबलांवरच्या मीठदाण्यांना कुणी शिवेना, उगाच धूळ खातात म्हणून तिनंच त्या कोठीत ठेवल्या. मिठाच्या डब्याकडे हात जाईनासा झाला, तोही कोठीत गेला.

शुक्रवारी कोबी-बटाट्याचं सूप होतं. मालक बाहेर हात धूत होते. वहिनी झाकण उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. नणंदेनं चमचा तोंडात घातला आणि गिळायला जरा वेळ लावला.

“कसं झालंय, ताई?”

“छान झालंय. जाऊ दे बाहेर.”

मालकांनी एक घोट घेतला आणि टेबलावर हात फिरवला. मीठदाणी नव्हती. मॅनेजर कोठीकडे धावला; कोठीला कुलूप, किल्ली वरच्या मजल्यावर. तो घामाघूम होऊन परत येईपर्यंत सूप गार. मालकांनी शांतपणे विचारलं, हे चाखलं कुणी?

नणंद पुढे आली. मीठ नाही हे कळलंच नाही म्हणावं, तर जीभ जाते. कळूनही गप्प बसले म्हणावं, तर नाव जातं. तिनं जीभ दिली. चार दिवस हॅम चाखून तोंडाची चवच गेलीय, म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं नाही. “मीठ मीच विसरले,” एवढंच म्हणाली.

मालक मॅनेजरला म्हणाले, हिनं हॅम संपवलं आणि चूकही कबूल केली, जागा हिला द्या. आणि चव गेलेल्या जिभेला चाखायचं काम कशाला? यापुढे हीच चाखेल.

सोमवारी वहिनीनं किल्ली कमरेला खोचली, स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाली, “ताई, तेवढे कांदे...” पुढचं बोलायची वेळ आली नाही. ताईंनी सुरी आधीच उचलली होती.

तर कुणी काय मोजलं? हॅमचे पैसे कारखान्यानं. चार दिवसांची तहान कामगारांनी. धाप मॅनेजरनं. जीभ नणंदेनं, तीही शाबूत असून. वहिनीला ठरवलेल्या चारही गोष्टी मिळाल्या. आता ती रोज आपलं पातेलं तीनदा चाखते, तिन्ही वेळा वेगळी चव लागते, आणि विचारायचं कुणाला, तर कांदे चिरणाऱ्या ताईंना.

ताई रोज सांगतात, “छान झालंय.”