दिल्लीला जाण्याआधीचं गाऱ्हाणं

धोंडूअण्णांनी नारळाची शेंडी देवाकडे केली आणि गॅलरीतल्या शेजाऱ्यांना आत बोलावलं. लालबागच्या या खोलीतून मुलगा खासदार होऊन बाहेर पडला, तरी प्रत्येक अधिवेशनाआधी देवाला घालायचं गाऱ्हाणं इथेच व्हायचं. हितेंद्रने हात जोडले. स्वारी खुशीत होती. भ्रूण-संशोधनाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर उद्या लोकसभेत चर्चा होती, आणि त्याचं भाषण तोंडपाठ होतं. सकाळी दाढी करताना त्याने ते खड्या आवाजात म्हणूनही पाहिलं होतं.

सीमाने ते तेव्हाच, चहा गाळता गाळता ऐकलं होतं. ‘पती-पत्नी दोघांच्या संमतीशिवाय एकही भ्रूण प्रयोगशाळेत जाणार नाही,’ इथवर तिला नवऱ्याचा अभिमानच वाटला. पुढे तो म्हणाला, ‘सुरुवात आम्ही आमच्या घरापासून करतोय. आमच्या मुलीच्या, अक्षदाच्या आयव्हीएफच्या वेळी गोठवून ठेवलेले दोन भ्रूण आम्ही संशोधनाला देत आहोत.’ गाळणी तिच्या हातातच राहिली. दवाखान्यात गोठवलेल्या त्या दोघांना ती एक दिवसही विसरली नव्हती, आणि हा परस्पर दान करून मोकळा!

“बा देवा म्हाराजा!” अण्णांनी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा!” खोली दणाणली.

“माझो झील दिल्लीक जाता. तेचा भाषण सगळ्यांका पटांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

अण्णा थांबले. “एक आवाज कमी पडलो. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय नारळ फुटाचो नाय.”

“मी नाही म्हटलं, अण्णा,” सीमा म्हणाली. “आमचे ठेवलेले दोन भ्रूण हे उद्या देऊन टाकणार आहेत. विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलंही असतं मी. पण विचारलंच नाही.”

“सीमा, घरी बोलू ना,” हितेंद्र म्हणाला.

“हे घरच आहे.”

सभागृहात कोण बाजूने, कोण विरोधात, हे झोपेतही सांगू शकणाऱ्या हितेंद्रने बायकोचं मत मोजलंच नव्हतं. शेजारी उगाच देवाच्या फोटोकडे बघू लागले. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी नारळाची शेंडी पुन्हा नीट देवाकडे केली, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं नव्याने घातलं.

“बा देवा म्हाराजा! माझ्या झीलान बायकोक न इचारताच दोघांचो शब्द दिल्यान. ती तेची चूक झाली म्हाराजा!”

कोणीच होकार दिला नाही. तो कोणी द्यायचा ते सगळ्यांना कळलं होतं. खाली विमानतळावर न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवत होती. अण्णा नारळ धरून तसेच उभे राहिले.

“व्हय म्हाराजा,” हितेंद्र म्हणाला. माइकशिवाय मैदानं गाजवणारा त्याचा आवाज दारापर्यंतही पोचला नाही.

“मोठ्यान म्हण,” अण्णा म्हणाले. “आणि देवाकडे नको. तिच्याकडे बघान म्हण.”