शुद्ध पाटी

विद्या ही गंगेच्या पाण्यासारखी आहे, ती राजाला आणि रंकाला सारखीच पावन करते, असे हिरडाटोल्याचे मालगुजार दुलीचंद दरवर्षी शाळेच्या तपासणीला सांगत. ते स्वतः अंगठा उठवत, त्यामुळे विद्येबद्दलचे त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई. गावच्या विहिरीचे पाणी महारपुऱ्याला मिळत नसे. पण ते काही गंगेचे नव्हते.

ही १९२६ सालची गोष्ट. शाळा जिल्हा कौन्सिलची होती, इमारत मालगुजारांची होती आणि इमारतीत धान होते. नवे धान कोठीत आले की आतली मुले ओसरीवर सरकत आणि ओसरीवरची अंगणात. शाळा कमिटीत मालगुजार अध्यक्ष, त्यांचे मेहुणे चुन्नीलाल सभासद. तिसरे सभासद दोन वर्षांपूर्वी वारले होते, आणि त्यांच्याकडून कामकाजात कधी अडथळा आला नाही. सेवकराम गुरुजी सकाळी मुलांकडून पाढे म्हणवून घेत आणि दुपारी उन्हात घातलेल्या धानावरची पाखरे हाकवून घेत. पाखरांच्या बाबतीत शाळेचा निकाल उत्तम होता. भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा उंदरांनी मद्रासकडून खायला घेतला होता आणि ते नर्मदेपर्यंत पोचले होते. भूगोल त्यामुळे दरसाल सोपा होत चालला होता.

महारपुऱ्याची पाचसहा मुले ओसरीच्या कडेला बसत. त्यांना शाळेत घ्यावे असा वरून हुकूम होता आणि कमिटीने तो पाळला होता. शाळेत म्हणजे आत, असे हुकमात लिहिलेले नव्हते.

त्या मुलांत बकाराम कोतवालाची प्रेमिला होती. बकारामचे काम गावाला ठाऊक होते. साहेब आला की त्याचे सामान उचलायचे, कोणी मेले की वर्दी द्यायची, आणि मालगुजारांचा हुकूम सुटला की डफडे वाजवत दवंडी द्यायची. अर्धा जन्म त्याने दुसऱ्यांचे शब्द मोठ्याने ओरडण्यात घालवला होता. आपल्या पोरीने ते शब्द नुसते ऐकू नयेत, वाचावेतही, एवढी एकच चैन त्याने मनात धरली होती. पोरगी चौथी पास झाली तर तिला मास्तरीण करायची. पण प्रेमिला चौथीत दोनदा नापास झाली होती.

तपासणीच्या सकाळी बकारामची बायको देवकाबाई चुलीपुढून उठली नाही, पण बोलायचे ते बोलली. इकडल्याच प्रतापगडाच्या पायथ्याचा एक बिजवर प्रेमिलेला मागत होता. त्याची थोरली पोर प्रेमिलेच्याच वयाची, बारा वर्षांची होती. पाहुणे आणखी थांबायला तयार नव्हते. यंदा नापास झाली तर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न, असे नवराबायकोत ठरले होते, आणि देवकाबाईने त्याची आठवण दिली.

"मले सारं येते, बाबा," प्रेमिला म्हणाली. "मी पाटीभर लिवतो, अन् गुरुजी मनते, कोरी हाय."

"गुरुजी कायले खोटं बोलन वं? शिकला-सवरला मानूस हाय तो."

शिकलेला माणूस खोटे बोलत नाही, हा समज न शिकलेल्यांत फार.

शाळा तपासणारे डिप्टी साहेब छकड्यातून उतरले तेव्हा उन्हे चढली होती. बकारामने त्यांची छत्री आणि बॅग ओसरीपर्यंत आणली आणि रिवाजाप्रमाणे तो पायरीखाली उभा राहिला. मालगुजारांनी गंगेचे सांगितले. चुन्नीलालनी मान डोलावली. आतल्या मुलांना साहेबांनी गणिते घातली. ती कोणाच्या पाटीवर चुकली, कोणाच्या पाटीवर बरोबर आली; मालगुजारांच्या दोन्ही पुतण्यांच्या पाटीवर गुरुजींच्याच अक्षरात बरोबर आली. मग ओसरीची पाळी. शेताच्या एका बांधीत इतके धान, तर सात बांध्यांत किती, मालकाचा हिस्सा काढून राहिले किती.

पायरीवरून बकारामला पोरीची पाटी सरळ दिसत होती. त्याला अक्षर येत नव्हते, पण भरलेली पाटी आणि रिकामी पाटी यांतला फरक कळायला अक्षर लागत नाही. प्रेमिलेने वरपासून खालपर्यंत आकडे मांडले, खाली रेघ ओढली, रेघेखाली उत्तर लिहिले. पाटी उंबऱ्याशी नेऊन ठेवली आणि ती चार पावले मागे सरली. गुरुजींनी कोनाड्यातला तांब्या घेतला, तोंडाने काही पुटपुटले, पाटीवर चांगले ओंजळभर पाणी शिंपडले आणि पाटी शुद्ध झाल्यावर हातात घेतली. पांढरे ओघळ तेवढे त्यांच्या मनगटावरून खाली गेले.

"कोरी," गुरुजी म्हणाले. "हिचं तिसरं वर्ष, साहेब. या लोकांचं डोकंच तिकडे नाही."

यात त्यांचा कावा नव्हता. महारपुऱ्याच्या हातची वस्तू पाणी शिंपडून घ्यायची, हा गावाचा नेम होता. चुन्नीलाल आपल्या दुकानात कोतवालाचा पैसा तसाच घेत. धुतल्याने पैशावरचा राजा पुसला जात नाही आणि पाटीवरचे गणित जाते, एवढा फरक कमिटीच्या, गुरुजींच्या आणि खुद्द महारपुऱ्याच्या इतक्या वर्षांत ध्यानात आला नव्हता. नेम असला की माणसाला डोळ्यांची गरज पडत नाही.

बकाराम एक पायरी वर चढला.

"गुरुजी, पाटी भरून होती जी. मी पायलो. तुमी पानी मारले अन् गेली."

मालगुजारांनी त्याच्याकडे पाहिले. कोतवाल दवंडीवाचून बोलतो हे त्यांना नवे होते. "काऊन रे बकाराम, आता तू तपासनी करून रायला का?"

"नाई जी मालक. पन येकडाव बिनपान्यानं पाहा म्हना. पोरगी पुन्हा लिवते."

मग जे झाले ते फार शिस्तीने झाले. डिप्टी साहेब नागपूरला कॉलेजात शिकलेले, सुधारकी मतांचे. त्यांनी चष्मा पुसून शिक्षणपद्धतीत गंभीर दोष असल्याचे मान्य केले. मालगुजार म्हणाले, बापदादाचा रिवाज बुडवता येणार नाही, उद्या लोक आपली पोरे शाळेतून काढतील. चुन्नीलाल म्हणाले, स्वयंपाक निवून राहिला आहे. आतून चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास येत होता आणि साहेबांना तडजोड सुचली. पाटीला दोन बाजू असतात. यापुढे पाणी पाटीच्या मागल्या बाजूला शिंपडावे. धर्मही राहील आणि गणितही. हा ठराव सर्वांना इतका आवडला की मालगुजारांनी साहेबांना हार घातला.

"अन् पोरीचं काय जी?" बकारामने विचारले.

साहेबांनी सहानुभूतीने सांगितले की ठराव उद्यापासून लागू होतो. आजच्या पाटीवर त्यांनी स्वतः काही पाहिलेले नाही, आणि न पाहिलेल्या गणिताला पास करणे किंवा तेच गणित पुन्हा लिहून घेणे नियमात बसत नाही. तेव्हा नापास. पुढल्या साली पाहू. एवढे बोलून ते हात धुवायला उठले.

"सांजेले दवंडी दे," मालगुजारांनी जाता जाता हुकूम केला. "नवीन सुधारना झाली मनून साऱ्या गावाले सांग."

संध्याकाळी बकारामने डफडे गळ्यात अडकवले. देवकाबाई दारात उभी होती. तिने नापासाचे ऐकले होते आणि पाहुण्यांना निरोप कोणाबरोबर धाडायचा ते विचारत होती. तो तसाच बाहेर पडला. पारापाशी, चुन्नीलालच्या दुकानापाशी आणि शेवटी मालगुजारांच्या दारापाशी तो थांबला आणि नेहमीच्या सुरात ओरडला:

"आइका हो आइका. मालगुजारसायबाचा हुकूम हाय. आपल्या पोराइच्या पाट्या गुरुजी आतापावेतो पान्यानं पुसत होते, अन् पुसलेली पाटी पाहून नापास करत होते. आता मांगून पानी मारतीन. ही सुधारना हाय." डफड्यावर थाप पडली. "आता माहा हुकूम आइका. माही प्रेमिला नापास नाई. तिची पाटी भरून होती, मी माह्या डोयानं पायलो. तिचं लगन यंदा नाई. अन् जे शाळा पोराले कुत्र्यावानी उंबऱ्याभाईर बसवते, पुढून पानी मारो का मांगून मारो, त्या शाळेत माही पोरगी जानार नाई."

मालगुजारांच्या ओट्यावर विडी ओढत बसलेले लोक विडी ओढायचे थांबले. एक म्हातारा हळूच म्हणाला, बकाराम आज डफडे चुकीचे वाजवून राहिला. पण ते चुकीचे नव्हते. शब्द तेवढे पहिल्यांदाच त्याचे होते.

आठवड्याच्या आत कोतवाली त्याच्या चुलतभावाला मिळाली. बकाराम बायको-पोरीला घेऊन गोंदियाकडे फुलचूरला मेहुणीच्या घरी गेला. तिघेही विड्या वळू लागली, आणि प्रतापगडाकडचा बिजवर दुसरीकडे पोरगी पाहू लागला. मास्तरीण होणे अजून लांबच होते. पण गोंदियाच्या एका शाळेत प्रेमिलेची पाटी निदान कोरडी तपासली जाई.

हिरडाटोल्याच्या सुधारणेची जिल्हा कौन्सिलने दखल घेतली आणि शाळा कमिटीला शाबासकी कळवली. ठरावाप्रमाणे सेवकराम गुरुजी रोज सकाळी तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवत. दवंडीच्या दुसऱ्या दिवसापासून महारपुऱ्यातले एकही मूल शाळेत आले नव्हते. म्हणून ते पाणी संध्याकाळी मालगुजारांच्या वासराला पाजत.