तिसऱ्या पिनेची जबानी

मी प्लगची तिसरी पिन बोलते आहे. तिघींत सर्वांत जाड आणि लांब असते ती, टोकाला एकटी. इतर दोघींमधून वीज ये-जा करते, म्हणून त्यांना मान. माझ्यातून एरवी काहीच वाहत नाही. ज्या दिवशी वाहील तो दिवस वाईट असतो, आणि त्या एका दिवसासाठीच मला घडवलेले असते. माणसांना हे पटवणे कठीण आहे. जे रोज राबताना दिसत नाही ते निरुपयोगी, अशी त्यांची ठाम समजूत असते.

साकीनाक्याजवळच्या एका लहान कारखान्यात पितळी सळईतून मला कापून काढले. १९८६ साली एका स्टॅबिलायझरच्या वायरीला लागून मी मुलुंडला धोंडिराम यांच्या घरी आले. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून व्हीसीआर आणला होता आणि विजेच्या चढउतारापासून त्याचे रक्षण व्हावे, म्हणून हा पत्र्याचा खोका घेतला गेला. यंत्राच्या रक्षणाची काळजी त्या घरात पहिल्या दिवसापासून होती.

धोंडिराम अडाणी नव्हते. ते एका इंजिनिअरिंग कारखान्यात सुपरवायझर होते आणि तिथल्या सुरक्षा समितीचे सभासदही. कोणी हेल्मेटवाचून दिसला की ते त्याचे नाव टिपून घेत. सुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्य स्पर्धेत त्यांना पहिले बक्षीस मिळाले होते. ते प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीत, टीव्हीच्या बरोबर वर टांगलेले होते.

अडचण एकच निघाली. बाहेरच्या खोलीतले सॉकेट दोन छिद्रांचे होते. इमारतीतला वायरमन लवू बोलावला गेला.

"काका, तिसरी तार ओढूक व्हयी," तो म्हणाला. "भिंत इल्लीशी फोडूक लागतली. एका दिवसाचा काम."

"भिंत फोडतोस? अरे, कालच रंग वाळलाय! रविवारी व्याही येतायत बोरिवलीहून, लताच्या लग्नाची कॅसेट बघायला."

"मग स्वयंपाकघरात लावा. थंय तीन भोकांचा आसा."

"म्हणजे व्याह्यांना काय मोरीपाशी बसवू?" वनमालाबाई आतून कडाडल्या.

"मग मागसून माका सांगू नकात," असे म्हणून लवूने पिशवी उचलली.

धोंडिरामांनी स्वतःच करवतीचे पाते काढले. दहावीतली धाकटी मुलगी नंदा समोर अभ्यासाला बसली होती. ती म्हणाली, "बाबा, ती अर्थिंगची पिन आहे. आमच्या पुस्तकात आहे."

"पुस्तकात बरंच काही असतं. तुझ्या प्रगतिपुस्तकात का नाही उतरत त्यातलं?"

सगळे हसले. तेवढ्यात मी कापली गेले. मला शोकेसमधल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, खिळे आणि स्क्रूंच्या सोबतीला टाकण्यात आले. पुढचे सर्व मी तिथूनच पाहिले-ऐकले. रविवार उत्तम पार पडला. पिस्ता रंगाच्या भिंतीचे कौतुक लग्नाहून अधिक झाले.

बिघाड हळूहळू आला. पाहुण्यांसाठी खोका पुढे ओढायचा आणि ते गेले की मागे सारायचा. वायर जिथून पत्र्यात शिरते, तिथे तिचे आवरण घासून विरत गेले. दिवाळीत वनमालाबाईंना पहिल्या झिणझिण्या आल्या. त्यावर घराने जो उपाय योजला तो मी इथे मुद्दाम नोंदवते. त्यांनी खोक्यापुढे जेवणाचा लाकडी पाट ठेवला.

पाटावर उभे राहिले की झिणझिण्या येत नसत. बघता बघता ती रीत झाली. "आधी पाट, मग बटण!" असे धोंडिराम पाहुण्यांना बजावत, आणि पाहुणेही हौसेने पाटावर चढत. कुणीतरी औक्षण करण्याचा अभिनयही करी. खोक्याची वायर बदलावी, असे एकाही सुशिक्षिताला सुचले नाही.

पाट ज्यांना बटण दाबायचे होते त्यांच्यासाठी होता. शकूला बटण दाबायचे नव्हते. ती केर-लादी आणि भांडी करायला येई. याच इमारतीत तिची पाच घरे होती; नवरा नव्हता, दोन मुली होत्या. तिचे दोन हात हीच तिची नोकरी.

"वहिनी, तुमची ती पेटी चावते हां," ती एकदा म्हणाली.

"ओल्या हातानं जातेसच कशाला तिथे?"

"मग लादी काय कोरड्या हातानं पुसू?"

"पाट घे ना."

"पाटावर उभी राहून लादी कशी पुसायची, ते एकदा दाखवा मला. मग घेते."

वनमालाबाई खळखळून हसल्या. संध्याकाळी त्यांनी तो विनोद नवऱ्याला सांगितला. नंदा हसली नाही. "बाबा, लवूदादाला बोलवा ना," ती म्हणाली. "तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू," असे उत्तर आले.

परीक्षा मार्चमध्ये होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी शकू शोकेसखालची लादी पुसत होती. उठताना तोल सावरायला तिने खोक्याची मूठ धरली. एव्हाना आतले तांबे उघडे पडले होते. मी जागेवर असते आणि भिंतीत तिसरी तार असती, तर ती वीज माझ्यातून जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता आणि घराची दहा मिनिटे गैरसोय झाली असती. ती वीज शकूमधून गेली. तिची बोटे मुठीवर आवळली आणि सुटेनात. नंदाने धावत येऊन भिंतीवरचे बटण बंद केले. शकू वाचली. तिचा उजवा तळहात भाजला आणि तीन बोटे कायमची आखडली.

चार दिवसांनी लवूने खोका उघडला तेव्हा शकू हाताला पट्टी बांधून दाराशी बसली होती.

"तिसरी पिन खंय गेली?" लवूने विचारले.

"अशीच आली कंपनीतून," धोंडिराम म्हणाले.

"कंपनी ब्लेडान कापता?"

मी तिथून हातभर अंतरावर होते. नंदाची मान खाली होती. मग शकूच म्हणाली, "जाऊ दे रे, लवू. माझंच चुकलं. हात ओला होता माझा." आणि त्या घरच्या तिघांनी, ज्यांना सत्य ठाऊक होते, तिला तसे म्हणू दिले.

त्याच दुपारी लवूने तिसरी तार ओढली. भिंत फोडून बुजवायला त्याला जेमतेम तीन तास लागले. पिस्ता रंग डब्यात उरला होताच. आज ते ठिकाण शोधूनही सापडत नाही. लादीचे फडके पिळता येत नाही म्हणून शकूची पाचही घरे एकेक करून सुटली. इथे आता दुसरी बाई येते.

गेल्या आठवड्यात टाचणी शोधताना नंदाला मी सापडले. तिने मला बराच वेळ तळहातावर धरून ठेवले. मग आईला विचारले, "शकूबाईला सांगू मी?"

"सांगून तिची बोटं सरळ होणार आहेत का?"

नंदाने मला परत डब्यात ठेवले.

बोटे सरळ होणार नाहीत, हे मला मान्य आहे. मला प्लगमध्ये परत जायचे नाही. माझ्या जागी दुसरी आली आहे आणि तिला भिंतीत जागाही आहे. माझी मागणी एवढीच आहे. शकू अजूनही त्या अपघाताला स्वतःला दोष देते. नंदा, डबा तुझ्या हाताच्या अंतरावर आहे. मला घेऊन जा आणि तिच्या डाव्या हातात ठेव.