उन्हाचं अंग, सावलीचं अंग

मोर्शीकडं केशरबाईच्या हाताबद्दल लोक काय काय सांगतात. तिनं म्हणे एकदा इजेच्या खांबाले संत्र्याचा डोळा बांधला. आठव्या दिवशी खांबाले पालवी फुटली, अन् लाइनमन फ्यूज बदलाले आला तर त्याले आधी वर चढून संत्री तोडा लागली. खोटं वाटत असन तर मोर्शीत जाऊन इचारा. तो खांब दाखवणारे चार जण भेटतीन. फक्त चौघंही येगयेगळा खांब दाखवतीन.

खरं येवढंच, की महादेवरावच्या नर्सरीत तीस वर्सांपासून डोळे बांधाचं काम केशरबाई करे. जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपाले चाकूनं बारीक चीर द्याची, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट कापून त्या चिरीत बसवाचा, वरून पट्टी गुंडाळाची. झालं कलम. दुसऱ्यायचे शंभरातले सत्तर धरले तर पेढे वाटत. हिचे पंच्याण्णव धरले तर ही उरलेल्या पाचायपाशी उकिडवी बसून त्यायले जाब इचारे.

तिचा भाऊ धर्मपाल अकोल्याले जुन्या शहरात राहे, शाळेत मास्तर. त्याची पोरगी दीक्षा. अन् या पोरीचं केशरबाईले केवढं कवतिक. दीक्षा तिकडं लक्षद्वीपच्या एका बेटावर राहून, समुद्रात बुडी मारून पोवळ्यायवर संशोधन करे. केशरबाई नर्सरीतल्या बायायले सांगे, "आमची पोरगी समुद्राच्या बुडाशी जाते अन् माशायची हजेरी घेते. एखांदा गैरहजर असला, तर त्याच्या मायले बोलावून आनते."

तर मागच्या डिसेंबरात दीक्षा आठ दिवसायसाठी मोर्शीले आली. डोळे बांधाचे दिवस होते. केशरबाई वाफ्याच्या कडंले बसून चाकू चालवून राहिली होती.

"जयभीम, आत्या."

"जयभीम. ये. काहून व, तोंड असं काहून सुकलं? समुद्रातलं पानी सरलं काय?"

दीक्षा हसली, पण ते हसू ओठाच्या खाली काही उतरलं नाई. शेजारी मातीतच बसली अन् मंग हळूहळू सारं सांगितलं.

पोवळं म्हंजे काही दगड नाई. जीव आहे तो. मुंगीपेक्षा बारके हजारो जीव एका जागी बसतात अन् स्वतःच चुन्याचं घर बांधतात. त्यायच्या अंगात आणखी बारकी शेवाळ राहते, ती उन्हावर जेवण रांधते अन् घरमालकाले खाऊ घालते. पाणी लय तापलं, नाईतर ऊन लय झालं, का ही भाडेकरीण घर सोडून जाते. मंग पोवळं पांढरंफटक पडते, अन् लवकर सावरलं नाई तर उपाशी मरते.

"म्हंजे जागचा हालत नाई, अन् दुसऱ्यानं रांधलं तर खाते," केशरबाई बोलली. "आपला महादेवरावच की."

खाटेवर बसलेल्या महादेवरावनं ऐकलं, पण हालले नाईत.

दीक्षाचं काम असं होतं. वादळानं तुटून पडलेले पोवळ्याचे तुकडे वाळूत मरतात. ते येचून समुद्रातच जाळीच्या मांडवावर बांधाचे, सहा महिने वाढवाचे, अन् मंग मेलेल्या खडकावर नेऊन बसवाचे. मांडवावर सारे मजेत राहत. खडकावर नेले का मरत. पहिल्या वर्षी साठातले पंचवीस जगले. दुसऱ्या वर्षी तेवीस.

"हे शेवटचं वर्ष आहे, आत्या. पैसे देनारी कमिटी म्हन्ते, यंदाही इतकेच मेले तर काम बंद. तुकडे तिथंच वाळूत राहू द्या म्हन्तात, उगा छळू नका. अन् त्यायचं तरी काय चुकते?"

केशरबाईनं चाकू पुसला. "फोटो दाखव."

दीक्षानं लॅपटॉप उघडला. उन्हात काही दिसेना म्हणून दोघी डोक्यावर एकच पोतं घेऊन आत शिरल्या. बाहेरून पाहणाऱ्याले वाटलं असतं, दोन बाया पोत्यात चोरून काही खाऊन राहिल्या. केशरबाई फोटो पाहत गेली. एक पाहिला, दोन पाहिले, दहा पाहिले. मंग बोट ठेवलं.

"हे पाय. हा तुकडा एकाच अंगानं पांढरा पडला. अन् हाही. त्याच्या खालचं अंग तं चांगलं तपकिरी हाये."

"वरच्या बाजूनं पांढरं होतेच, आत्या. ऊन वरूनच येते."

"मांडवावर होता तवा वर कोनतं अंग होतं? हेच?"

दीक्षानं लॅपटॉपमधल्या नोंदी उघडल्या. मांडवावर तुकडा कसा होता, कोणती बाजू उजेडाकडं होती, याची नोंदच नव्हती. वजन होतं, लांबी होती, पाण्याची उष्णता होती, तारीख-वेळ होती. खडकावर बसवताना ज्या बाजूनं नीट टेकला त्या बाजूनं बसवला.

केशरबाईनं तिले हाताले धरून बाहेर काढलं अन् तयार रोपायच्या रांगेत नेलं. हरेक रोपाच्या खोडाले एका बाजूनं चुन्याचं बोट ओढलं होतं.

"हे उगवतीकडचं अंग. रोप उपटाच्या आधी मी चुना लावतो, अन् बगीच्यात लावताना तो उगवतीकडंच ठेवाले सांगतो. झाडाले उन्हाचं अंग असते, सावलीचं अंग असते. सावलीचं अंग एकदम उन्हात आलं का साल भाजते. माह्या सासूनं शिकवलं. तुहा तो जीव मांडवावर सहा महिने एका कुशीवर निजला, अन् तू त्याले उचलून पालथा घातला. मंग भाजन नाई तं काय होईन?"

दीक्षानं त्या चुन्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला. मंग खाली बसली अन् वही काढून लिहाले लागली. केशरबाई तिथून हालली नाई. पोरगी लिहून राहिली तोवर तिच्या वहीवर ऊन येऊ नये म्हणून नुसती उभी राहिली.

जानेवारीत दीक्षा बेटावर परत गेली, अन् इकडं केशरबाईचा जीव टांगणीले लागला. बायायले सांगताना मात्र गोष्ट वाढतच चालली. फेब्रुवारीत तिनं सांगितलं, समुद्रात आता मोर्शी पद्धतीनं लावणी चालू आहे. मार्चात सांगितलं, तिथल्या एका कासवानं हिच्या नावाची चौकशी केली.

मे महिन्यात दीक्षा अकोल्याले आली तशी केशरबाईनं मोर्शीहून अमरावती, अमरावतीहून अकोला अशी येष्टी धरली. धर्मपालच्या घरी कुलर घरघर करून राहिला होता. पाणीही न पिता तिनं इचारलं, "जगले?"

"ऐंशी बसवले होते," दीक्षा म्हणाली. "चाळीस तुह्या पद्धतीनं. मांडवावरून सोडाच्या आधी उजेडाकडच्या अंगाले निळा दोरा बांधला, अन् खडकावर दोरा वरच ठेवला. त्यातले एकतीस जगले."

केशरबाईनं भावाकडं असं पाहिलं, का जशी तीच बुडी मारून आली.

"अन् बाकीचे चाळीस?"

"ते पहिल्यासारखे. हाताले येईन तसे. सतरा जगले."

केशरबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे? तुले माहीत होतं, तरी तू चाळीस लेकरं तसेच सोडले? माह्या बोलन्यावर भरोसा नव्हता?"

"आत्या, ऐक तं—"

"तीस वर्सांत म्या एक रोप मुद्दाम खराब केलं नाई. एक."

"साऱ्यायले दोरा बांधला असता अन् सारे जगले असते," दीक्षा म्हणाली, "तं कमिटीनं इचारलं असतं, यंदा पानी थंड होतं म्हनून जगले नसतीन कशावरून? मी काय उत्तर देनार होती? माही आत्या म्हन्ते म्हनून? आता एकाच खडकावर, एकाच पान्यात दोन्ही रांगा हायेत. अन् मले त्यायचं वाईट वाटलं नाई असं समजू नको. रोज बुडी मारून जावं, अन् कोणता पांढरा पडला ते लिहावं. हात नाई लावाचा. बरोबर केलं का चूक केलं, हे माहीत नसताना रोज लिहावं लागे."

धर्मपाल मधात बोलणार होता; केशरबाईनं त्याले हातानंच गप केलं. तिनं लॅपटॉप जवळ ओढला. दोन रांगा होत्या. एकीत तपकिरी, पिवळे, हिरवट जीव अन् त्यायच्यातून बोटायेवढे मासे फिरून राहिले होते. दुसरीत पांढऱ्याले पांढरं लागलं होतं. हरेक फोटोखाली तारीख. एकही दिवस सुटला नव्हता, पोरीले ताप होता ते दोन दिवसही नाई.

"तीस वर्सं चुना लावून राहिली मी," केशरबाई बोलली. "पन एकबी रोप उलटं लावून पाहिलं नाई. सासूनं सांगितलं, म्या मानलं. खरं का खोटं, मले तं अजूनही मालूम नाई व." मंग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुहं काळीज मोठं हाये, दीक्षे. मले हे जमलं नसतं."

जूनच्या शेवटी दीक्षाचा फोन आला. कमिटीनं आणखी तीन वर्सं दिली होती. एका म्हाताऱ्या साहेबानं फक्त पांढरी रांगच दोनदा मागून पाहिली, अन् म्हणाला, हिच्यामुळं दुसरीवर इस्वास बसते. केशरबाईनं त्या दिवशी बायायले एवढंच सांगितलं, जसं घडलं तसं. बाया नाराज झाल्या.

जुलैत महादेवरावच्या नव्या बगीच्यात लावणी निघाली. केशरबाईनं कडेच्या ओळीतली दहा रोपं अलग काढली. पाच सरळ लावली. बाकीच्या पाचायचा चुना मावळतीकडं फिरवला अन् माती दाबली.

महादेवराव खाटेवरून उठून स्वतः तिथवर चालत आले. "केशरबाई, उन्हानं डोकं फिरलं काय? उलटे लावून राहिली तू."

"हो."

"मरतीन नं ते."

"मरतीन का नाई, तेच पाहाचं हाये," केशरबाई म्हणाली. "अन् कोनी त्यायले वरून सावली कराची नाई. मीही नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यायच्या आधी आली अन् त्या पाच रोपायपाशी बसली. दोनदा हात पुढं गेला, दोनदा मागं घेतला. मंग नातवाच्या शाळेची जुनी वही उघडून तिनं तारीख घातली, अन् खाली लिहिलं: पाचही हिरवे.