कोर्टात जायचा ड्रेस

वकीलबाईंचा फोन आला आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी कोर्टात तिच्या धाकट्या बहिणीची तारीख होती. सहा वर्षांची भिंगरी आईकडे राहणार की बापाकडे, ते त्या दिवशी ठरायचं होतं. सुट्टीत चार दिवस नेतो म्हणून बाप पोरीला घेऊन गेला तो परत पाठवायचं नावच घेईना, आणि धाकटी तेव्हापासून झुरून अर्धी झाली होती. अशा वेळी वकीलबाईंनी काय सांगावं? साक्षीदार आणा, शाळेतल्या बाईंना भेटा? छे! त्या म्हणाल्या, आधी कपडे घ्या.

आणि कपडे तरी कसे, तर गुडघे झाकलेले, बाह्या कोपरापर्यंत. रंग भडक नको, पण विटकाही नको. महागातला दिसला तर पैसे उधळते म्हणतील, स्वस्तातला दिसला तर पोरीला काय पोसणार म्हणतील. उंच टाचा घातल्या तर नखरेल, खेळाचे बूट घातले तर कोर्टाचा मान ठेवत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. थोरली म्हणाली, तुझ्या नवऱ्याला त्याच्या वकिलाने यातलं एक अक्षर जरी सांगितलं असेल तर मी नाव बदलीन.

धाकटी केस कापायची. पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून काम, आणि मालकिणीचा हुकूम असा की ओठ रंगवलेले हवेत, कपडे झगझगीत हवेत, नाहीतर गिऱ्हाईक खुर्चीत बसत नाही. धाकटीला त्याचं काही वाटायचं नाही, लाल-पिवळं तिला लहानपणापासूनच आवडायचं. पण त्यामुळे तिच्या कपाटात वकीलबाईंना चालेल अशी एक चिंधीसुद्धा निघाली नाही. थोरलीचं काही घालावं तर थोरली अंगाने दुप्पट. शेवटी शनिवारी दुपारी दोघी बाजारात निघाल्या.

कपड्यांच्या दुकानातली मुलगी गोड होती बिचारी. हाताला लागेल तो ड्रेस धाकटीच्या अंगाला लावून ‘काय खुलून दिसतंय तुम्हाला’ म्हणायची. थोरलीने तिला समजावलं की बाई गं, आम्हाला खुलून दिसायचं नाहीये, खुलून दिसलं की आमचं वाटोळं होईल, तू आपलं न खुलणारं काहीतरी काढ. असलं गिऱ्हाईक तिने उभ्या जन्मात पाहिलं नसावं. बावचळून आत गेली आणि बिस्किटी रंगाचा एक ड्रेस घेऊन आली. सरळसोट, ना कंबर ना कळा, गळ्यापर्यंत बटणं. तो घालून धाकटी ट्रायल रूममधून बाहेर आली तेव्हा ती मुलगी पहिल्यांदाच गप्प बसली. आठवडाभर ताप काढून उठल्यासारखी धाकटी दिसत होती.

थोरली म्हणाली की हे मढ्याला नेसवायचं काम आहे, काढ ते. भर दुकानात तिने वकीलबाईंचा, कोर्टाचा आणि बिस्किटी रंग ज्याने काढला त्याचा उद्धार केला. धाकटीने सगळं ऐकून घेतलं, आरशात एकदा पाहिलं आणि म्हणाली, हाच बांधून द्या. भिंगरी मिळणार असेल तर मी पोतं गुंडाळून जाईन.

बुटांचं तर विचारूच नका. उभं राहून राहून धाकटीचा चवडा पसरलेला, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं. थोरली हॉस्पिटलात नर्स होती, असली पावलं तिने रोज पाहिलेली. साधे काळे, बिनटाचेचे, कोर्टात शोभतील असे बायकांचे बूट दुकानात होते, पण सगळे पुढून निमुळते. बायकांच्या पायाला पाच बोटं असतात हे करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काय कोण जाणे. दुकानदार म्हणाला, घालता घालता सैल होतात. थोरलीने विचारलं की मग पुरुषांचेही सैलच होतात का, की ते आधीच पायाच्या मापाचे करतात? आणि उठून समोरच्या फळीवरचा पुरुषांचा लहानातला लहान जोड तिने स्वतःच काढून आणला. रुंद, मऊ, काळा. धाकटीने त्यात पाय घातला आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. दोन पावलं चालली, हसली. मग तिने खाली पाहिलं, तिला वकीलबाई आठवल्या आणि तिने ते बूट काढून ठेवले. घेतले ते निमुळतेच.

सोमवारी कोर्टाच्या दारात वकीलबाईंनी धाकटीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, केस घट्ट बांधायला लावले, ओठ पुसायला लावले आणि समाधानाने मान हलवली. थोरलीला त्यांनी बजावलं की तुमच्या जिभेला हाड नाही, तेव्हा आत तोंड उघडायचं नाही, एक शब्द बोललात तर पोरगी गेली म्हणून समजा. थोरलीने कानाला खडा लावला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

आणि मग नवरा आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, पोटावरचं एक बटण गायब! थोरलीला वाटलं, देव पावला, हे ध्यान आपल्याच कर्माने बुडणार. कसलं काय. त्याच्या वकिलाने त्याच तुटक्या बटणावर बोट ठेवलं. पाहा साहेब, एकट्या बापाची काय ओढाताण होते, स्वतःकडे बघायला वेळ नाही. न्यायाधीशांचा चेहरा पाघळला. वास्तविक भिंगरीला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं सगळं त्याची म्हातारी आई करत होती, आणि हा गृहस्थ रात्री जेवायला तेवढा घरी उगवत होता. पण शर्टाचं बटण तुटलं की पुरुष कष्टाळू ठरतो. तेच बटण धाकटीचं तुटलं असतं तर? बाई गबाळी, पोरीकडे काय बघणार! थोरलीने ओठ इतके आवळले की दात रुतले.

मग नवऱ्याच्या वकिलाने एक फोटो पुढे केला. पार्लरच्या वाढदिवसाला धाकटी लाल ड्रेसमध्ये, ओठ रंगवून, हातात केक घेऊन उभी. हा ड्रेस मालकिणीनेच घालायला लावला होता, पण ते विचारतो कोण. न्यायाधीशांनी फोटो पाहिला, मग धाकटीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. धाकटी खाली मान घालून उभी होती, बूट चावत होते म्हणून सारखा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेत होती. मग न्यायाधीशांनी निकाल सांगितला. आई राहणीने साधी आणि सोज्वळ दिसते, जबाबदारीची जाणीव असल्याचं जाणवतं, सबब पुढच्या तारखेपर्यंत मूल आईकडे.

बस, संपलं. गोवर निघाला तेव्हा पोरीला मांडीवर घेऊन कोण बसलं, शाळेत कोण सोडतं, अंधाराला घाबरते म्हणून दिवा कोण लावून ठेवतं, कुणी विचारलं नाही. वकीलबाईंची फाईल उघडलीसुद्धा नव्हती.

बाहेर व्हरांड्यात थोरलीने त्यांना गाठलं. म्हणाली, "म्हणजे पोरगी आईला नाही मिळाली. ड्रेसला मिळाली."

"मिळाली ना?" वकीलबाई म्हणाल्या. "मग पुढच्या तारखेला हेच कपडे. न्यायाधीश तेच असणार आहेत."

त्यांना घाई होती, दुसरा खटला होता. त्या टाचा वाजवत निघून गेल्या आणि थोरलीला काय करावं सुचेना. भांडायचं तरी कुणाशी? जिंकल्यावर कुणी भांडतं का?

तेवढ्यात म्हातारीने भिंगरीला आणून व्हरांड्याच्या तोंडाशी सोडलं. पोरगी धावत सुटली. धाकटी वाटेतल्याच बाकावर बूट काढून पाय चोळत बसली होती. भिंगरी तिच्या अंगावरून तशीच पुढे आली, थेट थोरलीला येऊन बिलगली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "मावशी, आई कुठाय?"

धाकटीनेच हाक मारली. आवाज ओळखून पोरगी वळली, जरा घुटमळली आणि मग आईच्या गळ्यात पडली. तू आजारी आहेस का, असं तिने दोनदा विचारलं. धाकटी नाही नाही म्हणत तिला कवटाळून रडत राहिली. मग डोळे पुसून तिने मान वर केली.

"ताई, पुढच्या तारखेला हे मी घालणार नाही. माझा लाल ड्रेस घालीन. त्यांना काय बघायचंय ते बघू दे."

शनिवारपासून थोरली याच वाक्याची वाट बघत होती. शाबास म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नवरा त्याच्या वकिलाशी कुजबुजत उभा होता, आणि वकील इकडेच बघत होता.

"गप्प बैस," थोरली म्हणाली. "हाच घालायचा. मी स्वतः धुऊन इस्त्री करून ठेवते."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. थोरलीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण तिने शब्द मागे घेतला नाही. वाकून तिने ते निमुळते बूट उचलले आणि बहिणीच्या सुजलेल्या पायात एकेक करून चढवले.