अकरा मांजरांचा पिंजरा

मित्रांनो, एका पत्राला वेळेवर उत्तर गेलं नाही. ते पत्र सोळा दिवस माझ्या पाठीवर पडून होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं जड घर ठेवलेलं असायचं. माझं आयुष्य सांगायला बसलो की मला सगळ्यात आधी त्या कागदाचं वजन आठवतं. खरं तर त्याला वजन असं नव्हतंच.

मी एक जुना पिंजरा आहे. लांबी अडीच हात, उंची हातभर. मला हे नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पिंजऱ्याचं काम धरून ठेवायचं, बोलायचं नव्हे. तरी प्रयत्न करतो.

माझा जन्म कोल्हापुरात फक्रुद्दीनभाईंच्या दुकानात झाला. ते खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवत. आठ वर्षांपूर्वी एक सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ दुकानाच्या दारात बराच वेळ उभे राहिले. आत यावं की येऊ नये, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"या की सर, आत या. उन्हात का उभारलाय?" फक्रुद्दीनभाई म्हणाले.

ते प्रसेनजीत सर. चौतीस वर्षं एका वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यांनी वहीतला एक कागद पुढे केला. त्यावर माझं चित्र पट्टीने आखलेलं होतं.

"मांजर पकडायला? आणि पकडून काय करणार?"

"ऑपरेशन. म्हणजे पिल्लं वाढणार नाहीत. मग परत सोडून द्यायचं."

"परत सोडायचं असंल तर दार हळू पडाय पाहिजे. शेपटी सापडली तर जनावर पुन्हा तुमच्या वाऱ्याला उभं ऱ्हाणार न्हाई." असं म्हणून त्यांनी माझ्या दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली. ती कागदावर आखलेली नव्हती. माझ्या अंगातली सगळ्यात चांगली वस्तू तीच.

सरांच्या कॉलनीत तेव्हा मोकाट मांजरं पुष्कळ होती. सरांची पद्धत अशी. माझं दार दोरीने वर बांधून ठेवायचं आणि मला व्हरांड्यात ठेवून आत भात-मासळी घालायची. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मांजराला पिंजऱ्याची भीती राहिली नाही की नवव्या दिवशी दोरी सोडायची. मग दार एका खिटीवर तोललेलं राही, आणि मांजराचा पाय आतल्या फळीवर पडला की हळूच खाली येई. रिक्षाने जनावरांचा दवाखाना, ऑपरेशन, रेबीजची लस, आणि चार दिवसांनी पुन्हा व्हरांडा. गुंगीत असतानाच डॉक्टरीणबाई मांजराच्या डाव्या कानाचं टोक जरासं कापत. ऑपरेशन झालेल्या मांजराची ती खूण. लांबूनही कळावं, पुन्हा त्याला कुणी त्रास देऊ नये, म्हणून.

शेजारच्या आक्काताई मासळी आणून देत. त्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जाई.

"सर, ह्या काळीचं नाव काय ठेवलं?"

"प्रस्तावना. सगळ्यांच्या आधी येते ना."

"आणि हे?"

"शुद्धिपत्र. ते नेहमी उशिरा येतं."

"अगं बाई! आवं मांजराला कोण शुद्धिपत्र म्हणतंय? आमच्यात मनी म्हणत्यात, नायतर बोका म्हणत्यात, झालं!"

सर हसले की त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. सारखी त्यांच्या पायाशी बसणारी एक करडी मांजर होती. तिचं नाव तळटीप.

दोन वर्षांत अकरा मांजरांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरीणबाई एकदा माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पिंजरा फार मायाळू आहे तुमचा." कौतुकाचा तेवढा एकच शब्द माझ्या वाट्याला आला, आणि मी तो जपून ठेवला.

त्यानंतर मला काम उरलं नाही. नवीन पिल्लं जन्मली नाहीत. सरांनी मात्र मला हलवलं नाही. दार दोरीने बांधलेलं, आत जेवणाची थाळी, थंडीत एक जुनं पोतं. अकराही मांजरं माझ्यात जेवत, पावसात माझ्यात शिरत, कुत्रं मागे लागलं की धावत येऊन माझ्यात बसत. मी पिंजरा होतो हे ती विसरली. खोटं कशाला बोलू, मीही विसरलो.

मग मागच्या वर्षी कॉलनीत तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या गाडीची सीट फाटली. चौगुल्यांच्या नातीने जेवणाऱ्या मांजराची शेपटी ओढली आणि तिच्या हातावर ओरखडा आला. कॉलनीच्या समितीची बैठक आमच्या व्हरांड्यासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून झाली, म्हणून मी ती ऐकली.

"मांजरं रोगट हायत. बघा की, सगळ्यांचे कान झडल्यात!" एक जण म्हणाला.

"व्हय, डावाच कान झडतोय. काय रोग हाय कुणास ठाऊक."

मित्रांनो, याचं उत्तर एका वाक्याचं होतं. सर खुर्चीतून अर्धे उठले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला, आणि ते पुन्हा बसले. आक्काताई त्या दिवशी हातकणंगल्याला लेकीकडे गेल्या होत्या. ठराव झाला: मोकाट मांजरांचा कायमचा बंदोबस्त करावा. त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही, कारण तो सगळ्यांना माहीत होता.

समितीचे सचिव विश्वजित वाईट माणूस नव्हते. बैठक संपल्यावर ते व्हरांड्यात आले. सरांनी त्यांना कानाची गोष्ट हळू आवाजात सांगितली.

"सर, हे मघाशी बोलायचं न्हाई का?" विश्वजित कपाळाला हात लावून म्हणाले. "आता ठराव झालाय. असं करू, मी तुम्हाला रीतसर पत्र धाडतो. तुम्ही मांजरांची यादी द्या, ऑपरेशनचे दाखले जोडा. कागद असला की मी थांबवतो. पण टपालानं पाठवा, आवक वहीत चढलं पाहिजे."

दोन दिवसांनी पत्र आलं. पंधरा दिवसांत यादी व दाखले न आल्यास ठरावाची अंमलबजावणी होईल. सरांनी ते माझ्या पाठीवर ठेवलं. खाली माझ्यात तळटीप झोपली होती.

सर त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. पहिला मसुदा फार कडक वाटला म्हणून फाडला, दुसरा फार लाचार वाटला म्हणून फाडला. तिसऱ्यात यादी केली, तेव्हा लक्षात आलं की अकरापैकी तिघांचे दाखले सापडत नाहीत.

"मग आठांची पाठवा की!" आक्काताई म्हणाल्या. "आणि खाली लिव्हा, तिघांचं मागनं देतो."

"अपुरी यादी कशी पाठवायची, आक्काताई? आठच दिले तर त्या तिघांवर शंका घेतील."

"आवं, कापलेले कान हायत की डोक्यावर! चार ओळी लिव्हा, सही ठोका. तुमच्या त्या पुस्तकांनी वाटोळं केलंय तुमचं."

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना कागलला हलवला होता. फोन केला तर कामात व्यत्यय येईल म्हणून सरांनी त्यांना पोस्टकार्ड लिहिलं आणि उत्तराची वाट पाहिली. तेराव्या दिवशी आक्काताईंनी स्वतःच्या मोबाईलवर नंबर लावून तो सरांच्या कानाला धरला. पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो सर, एवढंच? बुधवारी या, रजिस्टर काढून ठेवते."

बुधवार हा सोळावा दिवस होता.

"एका दिवसाने काय होतं?" सर स्वतःशीच म्हणाले. मला त्यांच्या मनातलं कळलं. वाचनालयात पुस्तक एक दिवस उशिरा आलं तर त्यांनी कधी कुणाला टोकलं नव्हतं. जग तसंच चालतं अशी त्यांची समजूत होती.

बुधवारी सकाळी सर कागलच्या एस.टी.ला गेले आणि दहाच्या सुमारास पिराजी आला. समितीने बोलावलेला माणूस. हातात पोती आणि फास. व्हरांड्यात मला पाहून तो थबकला.

"आयला, पिंजरा तर हितंच हाय की!"

त्याने माझ्या दाराची दोरी सोडली. पाच वर्षांची दोरी होती, गाठ घट्ट बसली होती. दाताने सोडली.

आक्काताई धावत आल्या. "ए पिराजी! हात लावू नगंस! टोचलेली मांजरं हायत ती!"

"कागद हाय काय, मावशी?"

"सर आणाय गेल्यात. दुपारपातुर येतील."

"मला दुपारी मलकापूरला जायाचं हाय. सायबांस्नी विचारा."

आक्काताईंनी विश्वजितांना फोन लावला. "मुदत काल संपली, आक्काताई. आज सकाळपातुर वाट बघितली मी. आता पाच जण माझ्याकडं बोट दावत्यात, मी एकटा काय करू?" एवढंच ते म्हणाले.

आक्काताईंनी केरसुणी उचलली. "पळा! पळा गं बायांनो!" असं ओरडत त्या मांजरांना कॉलनीबाहेर हाकलू लागल्या. त्यांनी मांजरांना आजवर कधी मारलं नव्हतं. मांजरं भेदरली. आणि भेदरल्यावर जिथं जायची त्यांना सवय होती तिथंच ती धावली. माझ्यात.

पहिली प्रस्तावना आली. दार हळू पडलं. शेपटी सापडली नाही.

पिराजीने तिला पोत्यात घेतलं, दार वर केलं. मग दुसरी. मग तिसरी. मला दार अडवता आलं नाही. मी गंजलो असतो, वाकलो असतो तर बरं झालं असतं. पण मी चांगला बनवलेला होतो. आक्काताई पायरीवर बसून राहिल्या. केरसुणी त्यांच्या हातातच होती.

"असली मांजरं म्या बघितली न्हाईत," पिराजी पुटपुटला. "कोण फिस्कारतबी न्हाई."

तळटीप व्हरांड्यात सरांच्या घरी घालायच्या चपलांपाशी बसली होती. थाळी वाजवल्यावर ती अकरावी आली.

पोती कुठे गेली ते मी पाहिलं नाही. तासाभराने पिराजी परतला तेव्हा पोती रिकामी होती आणि ओली होती. ती त्याने वाळत घातली, माझ्यावरच. निघताना म्हणाला, "पिंजरा झ्याक हाय. पुढच्या महिन्यात पलीकडच्या कॉलनीत काम हाय, तवा लागंल."

सर दोन वाजता आले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेले तीन दाखले होते. सरांनी आधी थाळीकडे पाहिलं, मग ओल्या पोत्यांकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. त्यांनी मला लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला.

मित्रांनो, शिकवण सांगायचा मला काय अधिकार? माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून अकरा जीव गेले. तरी एवढं सांगतो. डावा कान कापलेलं मांजर दिसलं तर ते रोगट समजू नका. कुणीतरी त्याच्यासाठी पुष्कळ हेलपाटे घातलेले असतात. आणि कुणाचा जीव तुमच्या एका वाक्यावर अडला असेल, तर ते वाक्य चांगलं होईपर्यंत थांबू नका. वाईट अक्षरात, अपुरं, अडखळत, पण त्याच दिवशी बोला. मुक्या जिवांना आपली बाजू मांडता येत नाही. पाळी आली तेव्हा मलाही ती मांडता आली नाही.

आठवडाभर सर व्हरांड्यात आले नाहीत. मग एका सकाळी ते आले आणि माझ्यापाशी जमिनीवर बसून लिहू लागले. या वेळी काही फाडलं नाही.

"आता कुणासाठी लिव्हताय, सर?" आक्काताईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता शेजारच्या घरातही जात नव्हता.

"पलीकडच्या कॉलनीतल्या सहा मांजरांचे कान कापलेले आहेत. मी मोजून आलो."

"ऐकतील व्हय?"

"माहीत नाही. बहुतेक नाही."

त्यांनी समितीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. "आपल्या पत्रास उत्तर द्यायला मला उशीर झाला. कान डॉक्टरांनी कापले होते. तो रोग नव्हता, ती खूण होती. अकराही मांजरांचे दाखले सोबत जोडले आहेत. मांजरं आता नाहीत. पलीकडच्या कॉलनीत सहा आहेत. त्यांना मारू नका. पिंजरा मी देणार नाही."

एका वाक्यात त्यांनी एक शब्द खोडला होता. तो खोडलेलाच राहू दिला. पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि समोरच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेले. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी पत्र आत सोडलं.